फणसापर्यंत

इथे आखातात, हमरिया फ्री झोनमधल्या आमच्या वर्कशॉपमध्ये तो वेल्डर आहे. गावाकडे, रत्नागिरीत, ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की जेवणाच्या सुट्टीत तो एकेका उमेदवाराला व्हिडिओ कॉल लावतो. "भाषण नको. साकव दाखव. यल्ला, चालायला लाग!"

मतदानाला जायला त्याला कधीच रजा मिळत नाही. पण घरची मतं त्याच्या शब्दावर आहेत, म्हणून उमेदवार भर उन्हात निमूट चालतात. साकवाचा मोडका कठडा, विहिरीवरचा बंद पंप, तो सगळं बघतो आणि खोदून खोदून विचारतो. मग त्याचा आवाज उतरतो. "जरा पुढं चल. अजून. त्या फणसापर्यंत."

"फणसाजवळ कसला प्रॉब्लेम आहे?" मी एकदा विचारलं.

"कसला नाही. घरचे फोन करतात ते घरात बसून. गाव मला फक्त उमेदवार दाखवतात."

यंदा निकाल लागल्यावर त्याने निवडून आलेल्याला फोन लावला. उचलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. "खलास," म्हणाला, आणि पडलेल्या बाईला लावला. ती विहिरीवर पाणी भरत होती.

"मी तर पडले, भाऊ," ती हसून म्हणाली. "आता कुठं चालू?"

"कुठं नको. तिथंच उभी राहा जरा."

ती उभी राहिली. माझं गाव घाटावरचं, तरी मीही डबा बाजूला ठेवून त्याच्या फोनवर वाकलो.