बाहीचं माप

वहीत लिहिलेलं नसेल तर ते झालंच नाही, असं मानणारी मी बाई आहे. भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी गॅस बंद आहे का ते बघायला उठते. तरी हे लिहितेय, कारण हे माझ्या वहीत आहे... माझ्याच अक्षरात.

आम्ही पिढ्यान् पिढ्या म्हैसूरचे. देवराज मोहल्ल्यात शिवणकामाचं दुकान, घर आता हूटगळ्ळीला. मी एका शाळेच्या ऑफिसात काम करते. पण सासूबाई गेल्यापासून संध्याकाळी दुकानातलं एक काम माझ्याकडे होतं. अप्पा – म्हणजे माझे सासरे – माप घेता घेता मोठ्याने आकडे सांगायचे आणि मी लिहायचे. मान वर करायची नाही, पुन्हा विचारायचं नाही. आकडा कानावर पडला की कागदावर.

पंधरा वर्षं झाली असतील. अप्पांना काचबिंदू झाला होता. उरलेली नजर काही महिन्यांचीच, असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा मी विचारलं, काय काय बघायचंय ते सांगा, यादी करते. यादीत एकच गोष्ट आली. सरगूरच्या पुढे कबिनी धरणाचं पाणी पसरलंय, ते. आणि तेही उन्हाळ्यात, पाणी मागे हटलेलं असताना.

एप्रिलमधला एक रविवार ठरवला. गाडी दिरांची, दुपारी एकपर्यंत परत द्यायची. मुलीचा तीनला क्लास. बाहेरचं खाणं नको म्हणून चित्रान्न घरूनच. साडेसहाला निघणे, सरगूरला कॉफी, पाण्याकाठी वीस मिनिटं, परत. मी सामानाची यादी वाचून दाखवली – चटई, पाणी, डोळ्यांचे थेंब...

"टेप लिही," अप्पा म्हणाले.

सहलीला मापाची टेप कशाला, असं मी विचारलं.

"सुम्ने लिही ग."

सुम्ने, म्हणजे उगाच. मी लिहिली.

पोचायला दहा वाजले. ठरल्यापेक्षा चाळीस मिनिटं उशीर, कारण आमच्या ह्यांना सरगूरला दुसरी कॉफी हवी होती. समोर भेगाळलेल्या चिखलाचं मोकळं मैदान, मध्येमध्ये जोत्याचे दगड, काही खुंट. पाणी अगदी लांब, एक चकाकती रेघ. दूरवर चार गाई सोडल्या तर कोणी नाही. घरात भिंत धरून चालणारे अप्पा काठी टेकत सरळ उतारावरून निघाले. हे मागे गेले तर त्यांनी परत पाठवलं. पन्नासेक पावलांवर एका जोत्यापाशी ते थांबले, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

मी झाडाखाली चटई टाकली, पेपरप्लेट मांडल्या. वही मांडीवर होती, 'दही – विसरले' असं लिहीत होते. एक डोळा घड्याळावर. तेवढ्यात अप्पांचा आवाज आला, दुकानातला, खणखणीत.

"उंची चौदा."

मी लिहिलं.

"खांदा तेरा... छाती बत्तीस... कंबर सव्वीस."

तेही लिहिलं.

मुलगी म्हणाली, "आई, पिकनिकलाही दुकान?"

तेव्हा मी मान वर केली. अप्पा किंचित वाकून उभे होते. दोन्ही हात पुढे, हातांत टेप आणि मान एका बाजूला वळवलेली. बायकांचं माप घेताना ते नेहमी तशीच वळवायचे. समोर कोणीही नव्हतं.

आता खरं सांगते, मला भीती वगैरे वाटली नाही. मला वाटलं, दोन मिनिटं जास्त झाली. मी हाक मारली, "अप्पा, चला, वेळ झाला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा समोर. मग हात खाली गेले.

चित्रान्नाला त्यांनी हात लावला नाही. गाडी सुटल्यावर म्हणाले, "बाहीचं राहिलं."

मग सांगितलं. तिथे गाव होतं. तरुणपणी ते शिवणयंत्र घेऊन तिथल्या आठवडी बाजाराला, संतेला, जायचे. केंपम्मा नावाच्या बाईने एकदा झंपरासाठी निळं कापड दिलं. घाईत होती, म्हणाली, माप पुढच्या संतेला देते. पुढची संते भरलीच नाही. धरणासाठी गाव उठलं. नव्या वस्त्यांमधून अप्पांनी तिला शोधलं, सापडली नाही. कापड अजून त्यांच्या ट्रंकेत होतं. गिऱ्हाइकाचं कापड न शिवता ठेवून मरायचं नाही, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

ह्यांनी आरशातून मला खूण केली – वय झालंय. मलाही तेच पटलं होतं. आकडे बोटांनी कळत असतील, आयुष्यभराची सवय. मग टेप गुंडाळायला घेतली आणि हाताला ओली लागली. सुरुवातीच्या टोकापासून बत्तीस आकड्यापर्यंत ओली, पुढे कोरडी. तिला शेवाळाचा वास येत होता. अप्पांच्या चपलांवर कोरडी धूळ. आमच्या पाण्याच्या बाटल्यांची झाकणं अजून उघडलेली नव्हती.

घरी आल्यावर ह्यांना टेप दाखवली.

"घाम असेल," हे म्हणाले.

"घाम बत्तीस इंचांवर थांबतो का?"

ह्यांनी ती दोरीवर वाळत टाकली आणि विषय संपवला.

अप्पांनी कापड काही कापू दिलं नाही. अंदाजाने बाही काढा, असं ह्यांनी सुचवलं तर आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा गेलो. पाणी हटलंच नव्हतं, जोती बुडालेली. नजर तर पूर्ण गेली होती. अप्पा काठावर टेप धरून तासभर उभे राहिले आणि मी घड्याळ पर्समध्ये ठेवलं होतं. काही झालं नाही. त्या पावसाळ्यात ते गेले.

मला आजही यातलं काही सांगता येत नाही. एवढंच माहीत आहे की दोन मिनिटांनी कोणाचंच काही बिघडलं नसतं. क्लास तीनला होता, आम्ही बारा वाजून पन्नास मिनिटांनी घरी पोचलो होतो.

ते पान माझ्याकडे आहे. दही, उंची, खांदा, छाती, कंबर... आणि खाली मी नंतर लिहिलेला 'बाही' शब्द, पुढे रिकामी जागा. दर एप्रिलमध्ये आम्ही दोघं तिथे जातो. वेळ मी लिहीत नाही. टेपही यादीत लिहीत नाही. ती ह्यांच्या शर्टाच्या खिशात असते, निळ्या कापडाच्या घडीत. हे सांगत नाहीत, मी विचारत नाही. हे उतारावरून खाली जातात आणि मी वही उघडून, मान खाली घालून बसते.