साडूंची पांढरी रेघ

रस्त्याला खेळाचं मैदान समजणारा माणूस अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात एकच झाला, आणि तो नेमका माझ्याच बायकोच्या बहिणीचा नवरा निघाला. हे माझे साडू कळमनुरीच्या एका शाळेत खेळ शिकवायचे. गळ्यात शिट्टी, खिशात मैदान आखायची फक्की. घरी पाहुणे आले तरी त्यांच्या चपला रेघ मारून लावायचे. जिल्हा नवा नवा झाला तेव्हा त्यांनी मनावर घेतलं, की सायकलवरून शाळेत येणाऱ्या लेकरांना रस्त्यावर स्वतःची वाट पाहिजे. दर सोमवारी बादलीभर फक्की घेऊन ते रस्त्याच्या कडेनं लांबलचक रेघ ओढत. आत सायकली, बाहेर बाकीचं जग. दुसरं कुणी आत आलं की शिट्टी, आणि हात वर करून "बाद!" जीप बाद, ट्रॅक्टर बाद, बाजाराला निघालेल्या शेळ्याही बाद.

"सर, शेळीला काहून बाद करून राहिले?" एका शेळीवाल्यानं विचारलं.

"तिच्याजवळ सायकल न्हाई म्हणून," साडू गंभीरपणे म्हणाले.

मी पोट धरून हसायचो. नवी मोटरसायकल, कचेरीत कारकुनी. सगळी अक्कल आपल्याच वाट्याला आलीय अशी माझी पक्की समजूत. एका सकाळी पान खायला थांबलो आणि गाडी बराबर रेघेच्या आत लावली, कारण सावली तिथंच होती. तेवढ्यात माझीच सहावीतली पोरगी सायकलवर आली. वाटेत गाडी आडवी दिसल्यावर ती रेघेबाहेर वळली, आणि मागून नांदेडकडचा ट्रक. साडूंची शिट्टी कर्कश वाजली. ट्रक तिच्या दप्तरापासून हातभर अंतरावर थांबला. साडू ओरडले असते तर बरं झालं असतं. ते जवळ येऊन हळूच म्हणाले, "पाव्हणे, तुमी बाद."

कबड्डीत बाद झालेला गडी परत आत येतो. मला मात्र त्यांनी वर्षानुवर्षं आत घेतलं नाही, आणि मलाही मागायची लाज वाटली.

आता पोरगी शिकायला परगावी आहे. साडूंचे गुडघे गेलेत, म्हणून सोमवारची फक्की मी ओढतो. ते ओट्यावर बसून बघतात. शिट्टी गळ्यात असते, पण फुंकायला दम पुरत नाही. माझी रेघ चार ठिकाणी नागमोडी जाते.

"लईच वाकडी झाली का हो?" परवा मी विचारलं.

शाळा भरायची वेळ होती. त्यांनी रस्त्याकडं बराच वेळ पाहिलं.

"वाकडी हाय," ते म्हणाले, "पण लेकरं आतूनच येऊन राहिली." मग सरकून त्यांनी ओट्यावर मला जागा केली. "या पाव्हणे, घेतलं तुमाला आत."