बी.ए.चा अंगठा

निजामाचं राज्य, खुर्दाद महिन्याची पाच तारीख, फसली १३५२. नांदेडच्या घरी हजर: सासरे, हे, शेजारी राहणारे, लोकांचे अर्ज लिहून देणारे अर्जनवीस मुन्शीजी, आणि दाराआड मी. विषय यांच्या नोकरीचा.

हे पुण्याहून गणित घेऊन बी.ए. झालेले. इथल्या कचेऱ्यांचं सगळं काम उर्दूत, आणि यांना उर्दूचं अक्षर येत नव्हतं. दोन वर्षं घरी बसून गेली होती. तेव्हा स्टेशनावर हिंदूंचं पाणी वेगळं, मुसलमानांचं वेगळं असे. मुदखेडला हिंदू प्रवाशांना पाणी वाढायला ब्राह्मण हवा होता. मुन्शीजी म्हणाले, मागच्या उन्हाळ्यात एक मॅट्रिक झालेला गेला होता. शिकलेला टिकत नाही म्हणून त्याला परत पाठवलं. शिक्षण लपवायचं तर सहीचं काय करायचं, यावर सासरे अडले.

"अंगठा द्यावा," मी म्हणाले.

मुन्शीजींनी अर्ज लिहिला आणि शाईची डबी पुढं केली. नंतर पुसायला चिंधी मी दिली.

नोकरी लागली. स्टेशनाच्या रजिस्टरातही अंगठा उमटला, नावापुढं 'अशिक्षित' असा शेरा पडला. पहाटे स्नान, सोवळं, घागर, गाडी आली की ओंजळीत वरून धार. हमाल यांना महाराज म्हणत. एकदा त्यातला एक म्हणाला, "महाराज, चार बुकं शिकला असता तर तिकिटं तरी फाडली असती." ते यांनी घरी जेवताना सांगितलं आणि ताक मागितलं.

दुसऱ्या वर्षी लातूरच्या एका जिनिंग कारखान्याला इंग्रजी पत्रव्यवहारासाठी कारकून हवा होता. तिथं बी.ए. चालणार होतं, फक्त आधीच्या नोकरीचा दाखला लागणार होता. पदवीचा कागद फडक्यात बांधून मी यांच्याबरोबर मुदखेडला गेले. स्टेशनमास्तरांनी रजिस्टर काढलं आणि कागद अंगठ्याशेजारी ठेवला.

"हा खरा, तर तो खोटा. खोट्या माणसाला दाखला देता येत नाही आणि कामावरही ठेवता येत नाही. कोणता राहू देऊ?"

लातूरचा होकार अजून आलेला नव्हता. घरी खाणारी पाच माणसं होती. यांनी माझ्याकडं पाहिलं. मी रजिस्टराकडं पाहत होते.

"अंगठा राहू द्या," हे म्हणाले.

पूर्णेकडची गाडी आली तसे ते घागर घेऊन बाहेर गेले. मास्तर मला म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका, बाई. लातूरला बी.ए. दुसरा मिळेल. मुदखेडला पाण्याला ब्राह्मण मिळून नाही राहिला."

पुढं राज्य गेलं, वेगळं पाणीही गेलं. यांना कंदील पुसायच्या कामावर घेतलं. रजिस्टरातला शेरा तसाच आहे. दुरुस्तीचा अर्ज मी लिहून ठेवला आहे. पदवीची नक्कल जोडली, पाकिटाला तिकीट लावलं. यांची सही तेवढी व्हायची आहे.