कानबाईचे भाऊबंद

बायडाबाई शिरपूरकडची. नवऱ्याला, सुकदेवला, धाग्याच्या कंपनीत काम लागलं म्हणून ती सिल्वासाच्या चाळीत राहायला आली. पहिल्याच श्रावणात तिनं घरी कानबाई देवी बसवायची ठरवली. खानदेशात घरातल्या माणसामागे सव्वा मूठ गहू दळतात, आणि त्याचे रोट फक्त भाऊबंदांनीच खाऊन संपवायचे असतात. पण त्या साली गावाहून कुणालाच येणं जमेना. बायडाबाई गव्हाच्या डब्यापाशी गालाला हात लावून बसली.

शेजारची बिहारची फुलमती दारातून डोकावली. "क्या हुआ, दीदी?"

नुकत्याच झालेल्या बाळंतपणात याच फुलमतीनं तिला महिनाभर न्हाऊमाखू घातलं होतं. बायडाबाईनं उलट तिलाच विचारलं, "तुमच्या घरात माणसं किती?"

"चार."

बायडाबाईनं त्या चौघांचे गहूही दळणात घातले.

याला वीस वर्षं झाली. यंदा गावाहून थोरले दीर आले. पंगतीत बिहारी, ओडिया, वारली माणसं बघून ते चमकले. "ही कुठली भाऊबंदकी?"

"इथलीच शे, दादा," बायडाबाई म्हणाली. "जरा सरकून घ्या, फुलमतीच्या घरचे बसायचेत."

दीर सरकले, आणि फुलमतीचा नवरा शेजारी टेकताच त्यांनीच त्याच्या ताटात रोट वाढला.