दादाचा फिरता सोहळा

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी कनेरगाव नाक्यावर बसची वाट पाहत होतो. फोनवर पुतण्या नुसता रडत होता. मला कळायचं ते कळलं… त्याला दीड महिना झाला.

माझ्या या थोरल्या भावाला गाता येत नव्हतं. आरतीतही त्याचा सूर वेगळ्याच वाटेनं जायचा. पण जिल्ह्यातल्या लोकगायकांचा पुरस्कार सोहळा सुरू केला तो त्यानंच. पुरस्कार एकच, सोहळा मात्र दरवर्षी नव्या गावात. त्याला सालं आठवायची नाहीत, गावं आठवायची. वारंगा फाट्याचा सोहळा म्हणजे ट्रकचे हॉर्न ऐकत गायलेली गवळण, सेनगावचा म्हणजे घसा बसवणारी तिखट वांग्याची भाजी. पक्षपाताचा संशय नको म्हणून त्यानं एक नियम घातला होता. ज्या गावात सोहळा, त्या गावच्या गायकानं स्पर्धेत उतरायचं नाही, पंगतीत वाढायचं.

या नियमानं मला फार छळलं. मी तेव्हा गाण्यात ऐन भरात होतो, यंदा पुरस्कार माझाच असं सगळे म्हणत होते. आणि ठरलेल्या गावानं ऐनवेळी अंग काढून घेतलं. दादाच्या बैठकीत सगळ्या गावांची माणसं बसली होती. दादा म्हणाला, "आमच्या गावात घेऊ." माझ्याकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही. माणसं गेल्यावर मी त्याला धरलं.

"काहून केलं असं?"

"कोनीच बोलून न्हाई राहिलं, गड्या. सोहळा बंद पडला असता."

"अन् माझं गानं?"

"पुढच्या साली गा की."

पुढच्या साली घशाचं ऑपरेशन झालं आणि माझा आवाज गेला तो गेलाच. मी कितीतरी दिवस दादाशी धड बोललो नाही. त्या रागाचा मला आजही पश्चात्ताप नाही. पोराचं लग्न मोडून गावजेवण घालावं तसं त्यानं केलं होतं.

गेल्या दोन-तीन वर्षांत आवाज हळूहळू परत आला. तेव्हा दादाच रोज पहाटे दार वाजवायचा. "ऊठ, रियाज कर. यंदा तुझं बराबर जमतंय," म्हणायचा आणि समोर बसून बेताल मान डोलवायचा. मला हसू यायचं, आणि खरं सांगतो, बरंही वाटायचं.

परवा त्याच बैठकीत माणसं जमली. दादाची खुर्ची भिंतीशी होती, तिच्यावर कोणी बसलं नाही. यंदा सोहळा कुठे, एवढंच ठरवायचं होतं. एकानं पिकाचं सांगितलं, दुसऱ्यानं घरच्या लग्नाचं. मग सगळे गप्प. कोणी सतरंजीचा दोरा ओढत होतं, कोणी मोबाईल पाहत होतं… दादा असता तर सगळ्यांना बोलतं केलं असतं. आता तो नाही, म्हणून सोहळाही नाही, हे त्या गप्प बसण्यातच ठरून चाललं होतं. मला ते सहन होईना.

"आमच्या गावात घेऊ," मी म्हणालो.

सगळ्यांनी माना वर केल्या. दारात चहाचा ट्रे घेऊन वहिनी उभी होती. तिचे डोळे भरून आले.

"अन् तुमचं गानं, भाऊजी?"

मी उठलो, तिच्या हातातला ट्रे घेतला आणि एकेकाला चहा देऊ लागलो.