नवरदेवाच्या कपाळावरचा बेडूक

माझ्या सख्ख्या बहिणीच्या साखरपुड्यात नवरदेवाच्या कपाळावर मी बेडूक उठवला.

आमच्या घरची रीत अशी, की नवरीच्या भावानं चांदीचा रुपया ओल्या कुंकवात बुडवून नवरदेवाच्या कपाळावर दाबायचा. पणजोबांच्या वेळचा तो रुपया झिजून इतका गुळगुळीत झालेला, की टिळा कसा गोल गरगरीत उठायचा. तो मी हौसेनं उजळायला दिला, आणि ऐन साखरपुड्याच्या सकाळी सराफ दुकान बंद करून कळंबला, चिंतामणीच्या दर्शनाला!

पण माझ्याकडे चांदीचं दुसरं नाणं होतं. समुद्रातल्या कुठल्याशा बेटाच्या सरकारनं हौशी लोकांसाठी काढलेलं. एका बाजूला राणी, दुसऱ्या बाजूला बेडूक. (ते अख्खं बेट आमच्या दारव्ह्याच्या आठवडी बाजारात मावेल. तरी नाणं टपालानं मागवून मी गावभर मिरवलं होतं.) चांदी ती चांदी, असं म्हणून मी ते डबीतून काढलं, बुडवलं आणि दाबलं.

उचललं तर कपाळावर चारही पाय पसरलेला लालभडक बेडूक. डोळ्यांसकट!

नवरदेवाचे मामा चहात साखर कमी म्हणून आधीच फुगलेले.

"हे काय होय हो पाहुणे?"

"नक्षी आहे, मामाजी."

"नक्षीले पाय रायते काय?"

मी घाबरून नाणं उलटलं आणि त्याच जागी राणीची बाजू दाबली. त्यानं एवढंच झालं, की बेडकाच्या डोक्यावर मुकुट आला. मामा उठून चपला शोधायला लागले. "चाला रे सारे. पोराचा तमाशा करून ठेवला यायनं." आईनं पदर तोंडाला लावला. बहिणीचं लग्न आपल्यापायी मोडतंय, या विचारानं मला खरोखर रडू येत होतं.

त्या साली मृग कोरडा गेला होता. पेरलेली सरकी मातीत तशीच पडून होती, आणि पोरं काठीला बेडूक बांधून घरोघर पाणी मागत फिरत होती. नवरदेवाची म्हातारी आत्या पुढे आली आणि तिनं ते कपाळ नीट न्याहाळलं.

"कायले जाता बे? पोरं वावरावावरात बेडूक शोधून राह्यले, अन् आपल्याले घरबसल्या भेटला. हे तं पाण्याचं लक्षण होय. लाव रे बापू, मलेही लाव एक."

मग रांगच लागली. पाहुणे झाले, आचारी झाला, मांडववाला झाला. शेवटी मामा चपला काढून आले आणि हळूच म्हणाले, "माह्या कपाळावर मुकुटवाला येऊ दे."

साखरपुड्याच्या फोटोत झाडून सगळ्यांच्या कपाळावर बेडूक आहे, फक्त माझ्या नाही. परवा ते फोटो पाहताना जावयांनी, म्हणजे त्याच नवरदेवानं, विचारलं, "भाऊले काहून नाही लावला?"

बहीण म्हणाली, "दादाले कायले लागते? तो बिना शिक्क्याचाही ओळखू येते."