पूजेतली डिस्क

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली. बायकोला सांगितली तीही अर्धीच, आणि त्या अर्ध्या भागातच खोटं होतं.

अलिबागजवळ एका ट्रस्टच्या डोळ्यांच्या दवाखान्यात मी व्यवस्थापक होतो. पेशंटच्या नोंदी सर्व्हरवर असत आणि रोज संध्याकाळी त्यांची कॉपी शेजारी जोडलेल्या वेगळ्या डिस्कवर आपोआप जाई. सर्व्हरच्या खोलीची चावी माझ्याकडे. नोंदी सांभाळणारी मुलगी मुरूडकडच्या मुसलमान घरातली. कामाला चोख, बोलायला कमी. कमी बोलणाऱ्या माणसावर माझा तेव्हा विश्वास बसत नसे.

खंडेनवमीला आम्ही सगळी यंत्रं, कात्र्या, अगदी अ‍ॅम्ब्युलन्सची चावीसुद्धा पूजेला मांडायचो. त्या वर्षी मी ती डिस्कही काढून आणली.

"सर, माउस ठेवा, कीबोर्ड ठेवा. डिस्क नको," ती म्हणाली.

"का? झेंडूचं फूल पडलं तर डेटा बाटेल?"

सगळे हसले. ती हसली नाही, हे मी मनात टिपून ठेवलं.

दसऱ्यानंतर मी डिस्कची केबल परत लावली. दिवा लागला. मला वाटलं, झालं काम.

पुढे लक्षात आलं, की शनिवारी सगळे गेल्यावर ती दहा मिनिटं मागे राहते आणि कॉम्प्युटरला पेन ड्राइव्ह लावते. त्या सुमारास गावात एक खासगी दवाखाना निघाला होता. आमच्या पेशंटची यादी त्यांना हवीच असणार. ती फोनवर कोणाशी बोलते, हे मी शिपायाला विचारलं.

"आईशी, साहेब. येताना मासळी आणू का, विचारते."

मला त्या मासळीतही काहीतरी खूण वाटली.

एका शनिवारी मी तिला गाठलंच. "हे काय?"

"कॉपी आहे, सर."

"कोणासाठी?"

"आपल्यासाठीच. ती डिस्क काढल्यापासून मला तिचा भरवसा वाटत नाही."

"आणि मला तुझा वाटत नाही," असं म्हणून मी पेन ड्राइव्ह ड्रॉवरमध्ये कुलपात टाकला.

मंगळवारी सर्व्हर बंद पडला तो कायमचाच. पनवेलहून आलेल्या तंत्रज्ञानं शेजारची डिस्क उघडली. शेवटची कॉपी खंडेनवमीच्या आधीची.

"काका, नुसती केबल लावून भागत नाही. सर्व्हरला ती जोडून घ्यायला सांगावं लागतं. ते राहिलं, म्हणून कॉप्या सर्व्हरच्याच पोटात साठत गेल्या. तो गेला, त्याही गेल्या. डिस्क काढली कोणी?"

समोर ट्रस्टी बसले होते. मी म्हणालो, "नोंदींचं सगळं काम ही बघते."

पूजेला हजर असलेले सगळे गप्प राहिले. त्यांनाही नोकऱ्या होत्या.

ती म्हणाली, "सर, तो पेन ड्राइव्ह उघडा."

"त्यात काय भरलंयस कोण जाणे. त्याला कोणी हात लावायचा नाही."

त्याच संध्याकाळी तिला कामावरून काढलं. दुसऱ्या दिवशी मी गुपचूप तो पेन ड्राइव्ह उघडला. खंडेनवमीनंतरच्या प्रत्येक शनिवारची कॉपी त्यात होती. शेवटचे दोन दिवस सोडले, तर सगळ्या नोंदी परत मिळाल्या. ट्रस्टींना मी सांगितलं, तंत्रज्ञानं वाचवलं. त्या खासगी दवाखान्यातून तिच्याबद्दल विचारणा झाली तेव्हा म्हणालो, "कामाला चांगली आहे. जरा लक्ष ठेवा." त्यांनी तिला घेतलं नाही.

निवृत्तीनंतर, मागच्या वर्षी, मी तिच्या घरी गेलो. ओटीवर ती शिलाई मशीनवर बसली होती. मला पाहून म्हणाली, "सर, डिस्क अजून पूजेला मांडतात का?"

आतून तिची आई म्हणाली, "बसा, चाय पिऊन जा."

मी चहा प्यालो. रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दल बोललो. पेन ड्राइव्ह शर्टाच्या खिशात होता. निघालो तेव्हा तिनं मशीन थांबवलं.

"सर, काही सांगायचं होतं का?"

"नाही गं, सहज आलो होतो."

सांगायचं होतं ते एवढंच: डिस्क मी काढली. नीट जोडली नाही तीही मीच. तुझ्या कॉपीनं दवाखाना वाचला आणि मी तुला चोर ठरवलं. मला माफ कर.